धुवनटोल्याचे मोठे जावई

आधीच सांगतो, ह्या सदरात मी आजवर वाचक म्हणूनच आलो आहे, आणि तोही जरा कुत्सित वाचक. वडाखाली दिसलेली पांढरी बाई, लिफ्ट मागून गायब झालेला माणूस... चहाबरोबर वाचायला बरं असतं. मी देवरीला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. दरवर्षी मुलांसमोर नारळातून जाळ काढून दाखवतो आणि मग त्यामागचं रसायन फळ्यावर लिहितो. तालुक्यात माझी ओळख 'कशावरच विश्वास नसलेले सर' अशी आहे आणि ती मी बऱ्यापैकी जपली आहे. हे छापून आल्यावर ती राहील की नाही, सांगता येत नाही.

गोष्ट माझ्या सासुरवाडीची आहे. चिचगडच्या पुढे, डांबर संपून लाल माती सुरू झाली की जंगलात एक लहानसं गाव लागतं. त्याला आपण धुवनटोला म्हणू. खरं नाव लिहीत नाही, कारण त्या गावाची जाहिरात करणारे आता पुरेसे झाले आहेत.

हे गाव एकेकाळी सोन्यावर जगायचं. ऐकायला मोठं वाटतं, पण सोन्यावर जगणाऱ्या गावात सोनं कधीच नसतं. डोंगरीतून एक नाला उतरतो, त्याच्या वाळूत कण सापडायचे. बाया काथवटीत (म्हणजे लाकडी परातीत) वाळू घेऊन गोल गोल धुवायच्या, हलकी वाळू पाण्याबरोबर जायची आणि तळाशी एक पिवळी रेघ उरायची. ती मोरपिसाच्या पोकळ दांडीत भरून चिचगडच्या बाजारात न्यायची आणि बदल्यात मीठ, लुगडं आणायचं. साहेबाच्या काळात कुठल्याशा कंपनीने डोंगरीत खाणही खोदली होती. निघणाऱ्या सोन्यापेक्षा साहेबांच्या राहणीचा खर्च जास्त झाला आणि कंपनी निघून गेली. खाणीत आता वटवाघळं आहेत. इंजिनाच्या चौथऱ्यावर गावातले लोक मोहफुलं वाळवतात. कंपनीने केलेलं गावाच्या उपयोगाचं काम ते एवढंच.

१९९९ साली ह्या गावची मुलगी मी केली. रमशीला आरोग्य खात्यात नर्स. शाळेत पोरांना लस टोचायला आली होती. आमचं घर पोवारांचं. आमचे पूर्वज माळव्यातून आले हे सगळेच मान्य करतात, पण माझ्या मोठ्या काकांच्या मते ते राजाच्या अगदी शेजारी घोड्यावर बसून आले. आमच्या नात्यातल्या सगळ्यांचेच पूर्वज राजाच्या शेजारी होते. एवढ्या गर्दीत राजाला घोडा वळवायला जागा कशी मिळाली, कोण जाणे. तर काका म्हणाले, "आपल्या खानदानात वाळू धुणाऱ्याची पोरगी?"

मी म्हटलं, "सोनं धुणाऱ्याची, काका. तुम्ही ते फक्त विकत घेता."

लग्न झालं. मी जिंकलो, असं मला वाटलं.

लग्नानंतर पहिल्यांदा धुवनटोल्याला गेलो. अंगण सारवलेलं, पाट मांडलेला, पळसाच्या पत्रावळी. सासूबाईंनी भात वाढला, कोंबडीचा रस्सा वाढला, पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली आणि... माझ्यासमोरून सरळ मागच्या दाराने बाहेर गेल्या. मी पुढे केलेला हात तसाच. रमशीला दाराआड हसत होती.

सासूबाई रिकाम्या हातांनी परत आल्या आणि दुसरी पत्रावळ घेऊ लागल्या.

"माय, ते पान कुणाचं होतं?" मी विचारलं.

"मोठ्या जवायाचं, बापू. पयलं पान त्याचंच असते. तुमी लहाने."

"मोठा जावई? रमशीला तर तुमची एकुलती एक मुलगी ना?"

"हो तं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना त्यात काही अडचण दिसत नव्हती.

मग कळलं. मोठा जावई म्हणजे नाला. ही रीत मी दुसरीकडे कुठेच ऐकली नाही, फक्त ह्या गावची. मुलगी काथवट स्वतः उचलण्याएवढी झाली की बायांबरोबर नाल्यावर जाते आणि तिला पहिला कण सापडेपर्यंत वाळू धुते. तो कण ठेवायचा नाही. परत पाण्यात सोडायचा. झालं तिचं लग्न! पुढे माणसाशी होतं ते दुसरं. म्हणून नव्या नवऱ्याने पहिल्या भेटीत नाल्यात पाय बुडवून उभं राहायचं आणि म्हणायचं, 'दादा, हिला नेतो.'

मी अर्थातच म्हटलं नाही. उलट सासूबाईंना समजावून सांगितलं, की डोंगरीत गारगोटीच्या शिरा आहेत, त्या झिजतात, त्यातले कण पावसाने वाहून येतात, नाला हा फक्त उतार आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं बापू, नका म्हनू. पर मंग तो येत-जात राहील. आमाले बोल लावजा नोको."

त्या दिवशी संध्याकाळी रमशीला नाल्यावर निघाली. जाताना तिने गळ्यातलं मंगळसूत्र काढलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं.

"हे काऊन काढून राहिली?" मी विचारलं. रागात मी माझ्या मूळ भाषेवर येतो.

"त्याले दुसऱ्याचं सोनं खपत नाई," ती म्हणाली आणि गेली.

दुसरा मी! मी ओसरीवर बसून तांदळाच्या डब्याकडे बघत राहिलो. समोर जंगल, पाखरं, सगळं छान होतं. मला मात्र एका ओढ्याचा राग आला होता, आणि आपल्याला ओढ्याचा राग आला आहे ह्याचाही.

आता खरा अनुभव. आम्ही देवरीला हायवेच्या अलीकडे भाड्याने राहत होतो. घरी बोअरचं पाणी. पहिल्याच पावसाळ्यानंतरची सकाळ. रमशीलाची आंघोळ झाली, मी न्हाणीत गेलो आणि मोरीच्या कडेला एक बारीक पिवळी रेघ दिसली. बादलीच्या तळाशीही तसलेच कण होते. रमशीला धुवनटोल्याला जाऊन कित्येक महिने झाले होते. मी वाकून बघत असताना ती केस पुसत दारात आली.

"येऊन गेला वाटते," ती म्हणाली. पोस्टमन येऊन गेला म्हणावं तसं.

"कोण?"

ती माझ्याकडे बघून हसली आणि चहा टाकायला गेली.

अभ्रक असेल, हा माझा पहिला विचार. अभ्रक चमकतं आणि माणसाला मूर्ख बनवतं. मी कण गोळा केले आणि शाळेच्या प्रयोगशाळेत नेले. अभ्रक ठोकलं की त्याचा चुरा होतो. हे चपटं झालं. पितळ नायट्रिक अॅसिडमध्ये विरघळतं आणि रंग सोडतं; हे तसंच पडून राहिलं. मग पुढच्या खेपांचे कणही साठवले आणि गोंदियाला एका सोनाराकडे गेलो. त्याने टाकणखार घालून फुंकणीने वितळवलं, मोहरीएवढा मणी झाला, तो कसोटीवर घासला.

"मास्टरजी, ये तो नदी का माल है," तो म्हणाला. "आजकल कौन निकालता है? हमको भी बताओ."

मी म्हटलं, "मेरी घरवाली नहाती है, उसमें से निकलता है."

तो खूप हसला. तालुक्यात मी विनोदी म्हणूनही प्रसिद्ध आहे.

तिथून देवरीपर्यंतच्या बसमध्ये माझं डोकं वेगळ्याच दिशेने चालू लागलं. सोनं खरं आहे. नाला कुठे, आपली न्हाणी कुठे. मग ते तिला देतं कोण? माणसाच्या मनात संशय शिरला की तो फार पद्धतशीर होतो. मी नळाच्या तोंडाला फडकं बांधलं, फडकं स्वच्छ. बादली बदलली, साबण बदलला. घरमालकाची न्हाणीसुद्धा काहीतरी निमित्त काढून बघितली, तिथे फक्त शेवाळ. मग माणसांकडे वळलो. लसीकरणाच्या जीपचा ड्रायव्हर जरा नीटनेटका राहायचा. एक दिवस शाळेत रजा टाकून मी सायकलने जीपच्या मागे गेलो. गावोगाव तो जीपमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेला दिसला. ज्या माणसाची अशी झोप असते त्याचं बाहेर काही नसतं. परत येताना सायकल पंक्चर झाली.

मला ओलांडून जाताना बायको जीपमधून म्हणाली, "अजी, इकडं काऊन? बसा ना मागं."

कोणी माणूस असता तर बरं झालं असतं. माणसाशी भांडता येतं, त्याच्या घराण्याबद्दल वाईट बोलता येतं. बायकांसाठी मराठीत सवत हा शब्द आहे. पुरुषाच्या वाट्याला असं काही आलं तर त्या दुसऱ्याला काय म्हणायचं, ह्याची सोय भाषेने केलेली नाही. गरज पडेल असं कोणाला वाटलं नसावं.

आणि खरं दुखणं सोन्याचं नव्हतंच. 'तो येऊन गेला' की त्या दिवशी रमशीला वेगळी असायची. चालायची हलकी, पावलांना ओल्या वाळूचा वास. भाजीत मीठ विसरायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. मी केलेल्या विनोदावर ती हसायची, पण ते हसू आधीच चालू असायचं, माझा विनोद फक्त मध्ये आलेला असायचा.

एकदा मी विचारलंच. "तुला त्याच्यात दिसतं काय एवढं?"

"तुमाले नाई समजनार."

"समजाव ना. मी शिक्षक आहे."

तिने थोडा विचार केला. "तो काही विचारत नाई," ती म्हणाली.

प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे.

अशी काही वर्षं गेली. महिना-दोन महिन्यांनी रेघ दिसायची. मी ती बघायचो, मग्गाभर पाणी ओतून मोरीत घालवायचो, आणि दिवसभर वर्गात पोरांवर ओरडायचो. धुवनटोल्यात तोवर सोनं धुणारं कोणी उरलं नव्हतं. पोरं नागपूर-रायपूरला बांधकामावर, बाया तेंदूपत्त्यावर. म्हाताऱ्या तेवढ्या काथवट घेऊन नाल्यावर जायच्या आणि बहुतेक गप्पा मारून परत यायच्या.

मग नाल्याच्या वरच्या अंगाला बांध घालायचं ठरलं. भूमिपूजनाला पुढारी आले. त्यांच्या गळ्यातला हार पुढे झालेल्या बांधापेक्षा रुंद होता. पुढारी म्हणाले की आता इथल्या शेतात सोनं पिकेल, एका म्हातारीने मागून "मंग नाल्यातलं कुठं जाईन?" असं विचारलं आणि तिला खाली बसवण्यात आलं. ह्या कार्यक्रमाला मी स्वखर्चाने गेलो होतो. मोठमोठ्याने टाळ्या वाजवल्या. विकासाबद्दल माझी इतकी आस्था त्याआधी कोणाला माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे वाटले. हेडमास्तरांनी कारण विचारलं तेव्हा 'सिंचन' एवढंच म्हणालो.

बांध झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात नाला आटला. नंतरच्या पावसाळ्यातही आला नाही. आमच्या मोरीतली रेघ थांबली. मी न्हाणीचा कोपरा अन् कोपरा बघायचो आणि काही नाही दिसलं की शीळ घालत बाहेर यायचो.

सासूबाईंचा निरोप आला तशी रमशीला धुवनटोल्याला गेली. मीही गेलो, जरासा जेत्याच्या थाटात. नाल्याच्या कोरड्या पात्रात गावातल्या सगळ्या लग्न झालेल्या बाया जमल्या होत्या, बाहेरगावी दिलेल्यासुद्धा. कोणी रडत नव्हतं. एकेक जण पुढे होऊन खाली बसत होती आणि दगडावर हात आपटत होती. रमशीला परत आली तेव्हा तिचा डावा हात मोकळा होता.

माझा आवाज चढला. "अवो, मी जिवंत आहे!"

"आहात ना," ती म्हणाली. "म्हनून तं एकाच हाताच्या फोडल्या."

आणि उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या मला दाखवल्या. तुमच्या वाटच्या ठेवल्या आहेत, काळजी नको, अशा अर्थाने.

तुम्हाला हे वाचून हसू आलं असेल तर हसा. मी बारा-तेरा वर्षांच्या पोरांना त्या हाताकडे बघून कुजबुजताना पाहिलं आहे. काका तर तोंडावर म्हणाले, "अर्धी विधवा कशी असते रे?" देवरीच्या बाजारात कासाराने तिला बोलावून म्हटलं, "बाई, एक हात खाली कायले ठेवला?" ती म्हणाली, "एक मालक गेला." आणि भाजी घ्यायला पुढे गेली. मी पिशवी धरून मागे उभा. हयात मालक.

तो गेल्यावर ती माझी होईल हा माझा हिशेब साफ चुकला. ती कामावर जायची, घर बघायची, माझं दुखलंखुपलं बघायची, कशात कमी नव्हतं. फक्त ती बघायची नाही. माझ्याशी बोलताना नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी. मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये म्हणतात. आटलेल्या नाल्याबद्दल कोणी काही म्हटलेलं नाही, म्हणून मी मनसोक्त केला.

पुढे २०१०-१२ सालच्या सुमारास कोणाच्या तरी डोक्यात आलं की धुवनटोल्याचं 'सुवर्णग्राम' करायचं. पर्यटन! गावाच्या तोंडाशी कमान उभी राहिली, सोनेरी रंगाची. हा रंग पहिल्याच उन्हाळ्यात हळदीसारखा झाला, पण उद्घाटनाच्या दिवशी चांगला चमकत होता. नाल्यात पाणी नाही म्हणून कमानीशेजारी सिमेंटचं टाकं बांधलं. वाळू बांधकामाच्या ट्रकमधली, दुसऱ्याच कुठल्या नदीची. पाणी टँकरचं. तळाशी चमकावं म्हणून पितळेची भुकटी टाकलेली, हे मी स्वतः बघितलं. टाकणारा मला डोळा मारून 'सर, सायन्स!' म्हणाला.

पाहुण्यांसमोर गावातल्या बायांनी टाक्यात उतरून सोनं धुऊन दाखवायचं होतं. ऐन वेळेला बाया अडून बसल्या.

"आमी त्या हौदात नाई उतरत," सासूबाई म्हणाल्या. त्या आता खूप थकल्या होत्या, पण आवाज तोच.

"अहो आजी, फक्त फोटोपुरतं," संयोजक हात जोडून म्हणाले.

"फोटोपुरती तुमची बायको उतरवा."

पाहुणे घड्याळ बघू लागले. संयोजकांची नजर माझ्यावर पडली. "सर, तुम्ही गावचे जावई. तुम्हीच उतरा. विज्ञानाचे शिक्षक, समजावूनही सांगाल."

बायांच्या घोळक्यात रमशीला उभी होती, मोकळा हात पदराखाली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, काथवट घेतली आणि भर दुपारी माइकसमोर टाक्यात उतरलो. का उतरलो? तिने माझ्याकडे बघावं म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

पाणी उन्हाने कोमट झालेलं. मी काथवट फिरवायला लागलो, गारगोटीच्या शिरांबद्दल बोलायला लागलो. आणि बोलता बोलता थांबलो. पायांना पाणी लागत होतं. म्हणजे, वाहत होतं. साठवलेल्या, चारी बाजूंनी बंद टाक्यात, एका बाजूने येऊन घोट्याला वळसा घालून दुसरीकडे जाणारं, गार पाणी. वर पाण्यावर एक पाचोळा पडला होता, तो जागचा हलत नव्हता. खाली पायांशी मात्र स्पष्ट धार होती. लोकांना वाटलं सर भाषण विसरले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. काथवटीत पितळ चमकलं, फोटो निघाला.

घरी येऊन पाय साबणाने घासून धुतले. बायकोला काही बोललो नाही. ऊन लागलं असेल, रक्तदाब असेल.

चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी आंघोळ करून उठलो, तर माझ्या पावलांभोवती पिवळी रेघ.

पितळेची भुकटी, मी स्वतःला म्हटलं. नखांत राहिली असणार. शाळेत नेऊन अॅसिडमध्ये टाकली. विरघळली नाही. रंग सोडला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्याही. रमशीलाच्या आंघोळीनंतर मोरी कोरडी ठणठणीत; माझ्यानंतर रेघ. मी तो टाक्यातला उपक्रम परत कधी केला नाही, टाकं तर पुढच्याच वर्षी फुटलं.

मी काही काळ लपवलं. मग्गाभर पाणी ओतून घालवायची सवय होतीच. एक दिवस चुकलं. बाहेर येऊन वर्तमानपत्र उघडलं आणि मग आठवलं. आत गेलो तर रमशीला न्हाणीच्या उंबऱ्यावर बसलेली, बोट त्या रेघेवर टेकवलेलं.

"कवापासून?" तिने विचारलं.

"झाले बरेच महिने."

"तुमच्याकडं कायले येते तो?" तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा झाला होता. "तुमी तं त्याले कवा मानलं नाई. नाव ठेवलं. पेढे वाटले त्याच्या मरनाचे, मले मालूम नाई का? मी हात खाली ठेवून बसली त्याच्यासाठी. आन् तो तुमच्या पायाशी!"

"मला काय माहीत? मी बोलावलं नाही."

"काय बोलते तो तुमच्याशी?"

"काही नाही."

"खोटं नोका बोलू."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या आंघोळीच्या वेळी दाराबाहेर येऊन उभी राहिली.

टाक्यातल्या त्या धारेचा, शेजारच्या न्हाणीत नसलेल्या सोन्याचा, आटलेल्या नाल्याने पत्ता कसा शोधला ह्याचा कोणताही खुलासा माझ्याकडे नाही. भूगर्भातून, बोअरमधून, घामातून, सगळं तपासून झालं आहे. कोणा वाचकाला सुचलं तर जरूर कळवा, पण आधी तो नायट्रिक अॅसिडचा प्रयोग करून बघा.

रमशीला आता रोज सकाळी वाट बघते. मी न्हाणीतून बाहेर आलो की हातातलं काम टाकून माझ्याकडे बघते, टक लावून, श्वास धरून. इतकी वर्षं मला जसं हवं होतं अगदी तसं. नजर तेवढी पायांवर असते.